गेलेला हात

सतरा नंबरचा हात आजारी आहे हे सुनेत्रा आरोलकरला एका सोमवारी सकाळी कळलं. तो हात कोणाचा, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

वेंगुर्ल्याहून मठ गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला केळुसकरांचा काजूचा कारखाना होता. बी भाजायची, फोडायची, आतला गर भट्टीत सुकवायचा आणि मग त्याची तांबूस साल सोलायची, असं तिथलं काम. सोलणीला बासष्ट बायका होत्या. सालीला सुरीचं टोक लावून ती सोडवायची आणि गर अख्खा राखायचा. परदेशात किंमत अख्ख्या गराला. तुकडा झाला की तो मिठाईवाल्याकडे जायचा. हातमोजे घालून सोलण्याचा प्रयोग दोनदा झाला होता. पण बोटांना गराचा अंदाज येईना आणि तुकडेच तुकडे होऊ लागले. म्हणून हात साबणानं दोनदा धुवायचे आणि उघड्या बोटांनीच सोलायचं, हीच पद्धत राहिली.

उघड्या बोटांचा स्पर्श काजूच्या गरावर राहतो. माणसाच्या कातडीतून सतत थोडा घाम आणि थोडी चरबी झिरपत असते. गर स्वतःच तेलकट, त्यामुळे तो हे सगळं टिपकागदासारखं धरून ठेवतो. घामात शरीराची बरीच हकीकत असते. माणूस दमलेला आहे का, पुरेसं पाणी प्यायला आहे का, वय साधारण किती, मूत्रपिंडं आणि यकृत नीट चाललीत का, हे सगळं त्यात असतं. पोलिसांच्या प्रयोगशाळा बोटांच्या ठशांतून यातलं थोडंफार वाचत होत्याच. नवीन निघाला तो एक पडदा. कृत्रिम प्रथिनांचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मूठभर गर एका द्रावणात खळबळून ते द्रावण या पडद्यावर सोडलं की अकरा मिनिटांत तीनशेच्या वर पदार्थांची मोजणी होई. एका ताटात चाळीस हातांचा स्पर्श मिसळलेला असला तरी यंत्र ते वेगवेगळे करी. भजनात चाळीस जण एका सुरात गात असले तरी ओळखीच्या कानाला जसा प्रत्येकाचा आवाज निराळा कळतो, तसंच हे. यंत्र नावं देत नसे, नंबर देई.

युरोपातल्या मोठ्या खरेदीदारांच्या संघानं तीन वर्षांपूर्वी हा पडदा बंदरात बसवला. लहान मुलांनी सोललेला, राबवून घेतलेल्या हातांनी सोललेला माल आम्ही घेणार नाही, असा नियम केला. बिघडलेले हात शंभरात पाचाहून जास्त निघाले की कंटेनर परत. या नियमानं चांगलं काम केलं, हे सुनेत्रानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पलीकडच्या तालुक्यांतल्या दोन कारखान्यांतून शाळेच्या वयाच्या पोरी महिन्याभरात घरी गेल्या. दहा-दहा तासांच्या पाळ्या आठ तासांवर आल्या. बी.एस्सी. होऊन चार वर्षं घरी बसलेल्या सुनेत्राला नोकरी मिळाली तीही याच यंत्रामुळे. माल निघण्याआधी कारखान्यातच तपासणी व्हावी म्हणून केळुसकरशेठनी यंत्र घेतलं आणि ते चालवायला माणूस हवं झालं. "आमच्या वाडीतली पोर आसा, केमिस्ट्री शिकलेली," असं शेठना सांगणारी भामाकाकी होती.

भामाकाकी परब म्हणजे सोलणीतली पहिली बाई. अठ्ठावीस वर्षं त्याच टेबलावर. दिवसाला तिच्याइतका गर कोणी सोलत नसे आणि तिच्याइतके कमी तुकडेही कोणाचे नसत. प्रत्येक ताटात सर्वांत मोठा वाटा सतरा नंबरचा असे तो त्यामुळेच.

त्या सोमवारी सतरा नंबरच्या रकान्यात युरियाचा आकडा लाल झाला होता. सुनेत्रानं तपासणी तीनदा केली. तिन्ही वेळा तेच.

केळुसकरशेठ वाईट माणूस नव्हता. वडिलांनी काढलेला कारखाना त्यानं चालू ठेवला होता, गोव्यातल्या हॉटेलवाल्यांनी जागा मागितली तरी विकला नव्हता. त्यानं कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"असे किती हात?"

"लाल एक. पण पिवळ्यात तीन आहेत, शेठ. महिन्याभरात तेही लाल होतील. चार झाले म्हणजे शंभरात सहा."

"कंटेनर वीस तारखेला निघायचाय." त्यानं चष्मा पुन्हा लावला. "या चौघींना माल जाईपर्यंत रजेवर पाठव. अर्धा पगार देऊ. त्यांच्या हातांनी गराला शिवायचं नाही, बस. सगळे हेच करतायत, सुनेत्रा. शिरोड्याकडच्या कारखान्यानं गेल्या वर्षी पोटुशी बाई दिसली की घरी पाठवायचा नियमच केलाय."

सगळे हेच करत होते, हे खरं होतं. यंत्रानं हात आजारी दाखवला की हात बरा करण्यापेक्षा काढून टाकणं सोपं होतं. पुढच्या तपासणीत आकडे हिरवे येत आणि बंदरातला साहेब शेरा मारी, 'सुधारणा आहे.'

"बघते," म्हणून सुनेत्रा बाहेर आली.

आणखी एक अडचण होती. यंत्र चालवायचा परवाना घेताना तिनं सही केली होती की वाचन फक्त कारखानदार आणि खरेदीदार यांच्यात राहील, कामगारांना सांगितलं जाणार नाही. उगाच घबराट होऊ नये, असा त्यामागचा हेतू. सुनेत्रा सहा दिवस गप्प राहिली. दुपारच्या सुट्टीत भामाकाकी नेहमीसारखी डबा उघडून तिला हाक मारी आणि ती शेजारी बसून सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, कढी जेवत असे. 

रविवारी सकाळी ती काकीच्या घरी गेली. काकी घरापुढच्या खळ्यात आमसुलं वाळत घालत होती.

"काकी, तुमची तब्येत बरी नाय."

"कोण म्हणता?"

"मशीन. तुमच्या बोटांच्या घामात युरिया वाढलोहा. मूत्रपिंडां नीट काम करीत नायत, असा दिसता."

काकीनं हातातलं सूप खाली ठेवलं. "तुका कधीपासून म्हायत आसा?"

"सोमवारपासून."

काकीनं बोटांवर मोजलं. "सा दिवस माझ्या डब्यातला जेवलंस, आणि गप ऱ्हवलंस."

काकी आत गेली, लुगडं बदलून आली आणि दाराला कडी घालत म्हणाली, "चल. दवाखानो बाराक बंद जाता."

तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत नव्हती. रक्त तपासून तिनं सांगितलं की मूत्रपिंडांची निम्म्याहून जास्त ताकद गेली आहे. मग विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

"दोन तांबे. सकाळी एक, घरी गेल्यार एक."

"आणि कारखान्यात?"

"थय पीत नाय."

"का?"

काकीनं सुनेत्राकडे पाहिलं. सुनेत्रा रोज घरून बाटली नेत असे. का नेते, याचा तिनं कधी विचार केला नव्हता.

"बावडीचा पाणी कडू लागता," काकी म्हणाली. "आणि प्यालंय तर जावचा लागता. बासष्ट बायलांक एक संडास, तोय बॉयलराच्या मागे. जावन येयसर एक ताट सोलून होता. आमका पैसे किलोवर."

डॉक्टरणीनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. "गेलंय ते परत येणार नाही, काकी. पण उरलंय ते राखता येईल. पाणी प्यायचं. दर दीड तासानं. आणि हे तुमचं एकटीचं दुखणं नसेल."

ते एकटीचं नव्हतंच. सोमवारी सुनेत्रानं वर्षभराची वाचनं तासांप्रमाणे लावली. आजवर तिनं ती महिन्याप्रमाणेच पाहिली होती, कारण बंदराचा तक्ता तसाच होता. आता संगणकावर साठ-बासष्ट रेषा सकाळी ठीक असत आणि दुपारनंतर सगळ्याच सुकत जात. संध्याकाळी जणू बासष्ट माणसं उन्हात दिवसभर चालून आलेली. एकोणीस जणी काकीच्याच वाटेवर होत्या, कोणी पुढे, कोणी मागे. मग तिनं कारखान्याच्या विहिरीचं ते कडू पाणी आणून यंत्राच्या पडद्यावर सोडलं. काजूच्या टरफलात कातडी भाजणारं एक तेल असतं. त्यातली रसायनं पाण्यात उतरली होती. विहिरीपासून चाळीस पावलांवर भट्टीच्या राखेचा आणि अर्धवट जळलेल्या टरफलांचा ढीग होता, आणि त्याच्यावरून गेल्या नऊ वर्षांचं पावसाचं पाणी गेलं होतं.

दुपारच्या सुट्टीत भामाकाकी उभी राहिली. सोलणीच्या खोलीत तिला आवाज चढवावा लागत नसे.

"बायांनो, शेठ ज्या हातांका रजेवर धाडूक बघता, त्यातलो सतरा नंबर माझो. माका मूत्रपिंडाचा दुखणा आसा. सुनेत्रान सांगल्यान म्हणान माका कळला."

कोपऱ्यातली फ्रान्सिना डिसोजा म्हणाली, "सुनेत्रा, माझो नंबर काय गो?"

त्या दिवशी सोलणी झाली नाही. एकेक बाई यंत्राच्या खोलीत आली, नवीन गराला हात लावला, अकरा मिनिटं बसली आणि सुनेत्रानं तिचं वाचन फक्त तिलाच सांगितलं. सहा जणींची तपासणी एकदम होई, तरी संध्याकाळ झाली. कोणी रडलं नाही. फ्रान्सिनाचा हात हिरवा निघाला आणि तिला त्याची लाज वाटल्यासारखी ती खाली मान घालून गेली.

केळुसकरशेठ दारात उभा होता.

"करार मोडलास."

"हो."

"परवाना जाईल तुझा."

"ठाऊक आहे, शेठ." तिनं विहिरीच्या पाण्याचा कागद त्याच्यापुढे केला. "हेही बघा."

त्यानं कागद वाचला. राख गावाबाहेर नेणारा ट्रक नऊ वर्षांपूर्वी त्यानंच बंद केला होता. तो मागच्या अंगणात गेला आणि ढिगासमोर उभा राहिला. थोड्या वेळानं भामाकाकी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"भामाबाई, माझे वडील असते तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "या विहिरीचं पाणी लग्नाकार्याला न्यायचे लोक."

"म्हायत आसा. माझ्या लग्नाक न्हेललेला."

"मी काय करावं, तुम्हीच सांगा."

"ढीग हलवा. संडास बांधा. आणि आमचे हात लपवू नका. जसे आसत तसे धाडा."

"कंटेनर परत येईल."

"येवंदे. पण परत कित्याक इलो, ता तरी तेंका विचारूक येतला."

दोन दिवस शेठ कारखान्यात आलाच नाही. तिसऱ्या दिवशी राख उचलायला दोन ट्रक आले.

कंटेनर बासष्ट हातांचा गेला. सोबत सुनेत्राचं पत्र गेलं, त्यात तिनं आपण वाचन कामगारांना सांगितल्याचं लिहिलं. पाच आठवड्यांनी कंटेनर परत आला आणि सुनेत्राचा परवाना चार महिन्यांसाठी रद्द झाला. पुढचे दिवस कठीण गेले. कारखाना आठवड्यातून तीन दिवस चाले. दोघी जणी गोव्याच्या हॉटेलात कामाला निघून गेल्या. सुनेत्राच्या नवऱ्यानं, राजनं, पहिल्या दिवशी डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी बाटली भरताना म्हणाला, "पत्र लिहिण्याआधी मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. बरं झालं विचारलं नाहीस."

परवाना नाही म्हणून सुनेत्रा सोलणीच्या टेबलावर बसली. पहिल्या आठवड्यात तिनं तुकड्यांचा ढीग लावला. काकी शेजारून बघायची.

"सुरी कित्याक फिरवतंस? सुरी थयच ठेव. गर फिरव."

सुनेत्रानं गर फिरवला. साल अख्खी निघून आली. अठ्ठावीस वर्षांच्या बोटांत किती अक्कल साठलेली असते, हे तिला कुठल्याच वाचनात दिसलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता खरेदीदारांच्या संघाकडून निरीक्षक आली. सगळ्यांनी गोऱ्या साहेबाची कल्पना केली होती. आली ती पन्नाशीची, घानाची अकोसुआ मेन्सा. कारखान्यात येणाऱ्या कच्च्या बियांतल्या निम्म्या तिच्याच देशातून येत. गोदामातल्या गोणीवरचं गावाचं नाव वाचून ती थबकली आणि म्हणाली, "या गावापासून दोन कोसांवर माझी आई बिया वेचायची." मग ती थेट सोलणीच्या खोलीत आली आणि काकीच्या शेजारच्या स्टुलावर बसली. ती इंग्रजीत बोलत होती, सुनेत्रा मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती.

अकोसुआनं नवे चार संडास पाहिले, नळाचं पाणी प्यायली, दर दीड तासानं होणारी पाण्याच्या सुट्टीची घंटा ऐकली. घंटेच्या दहा मिनिटांचेही पैसे मिळतात ना, हे तिनं सात जणींना वेगवेगळं विचारलं. तिनं स्वतः आणलेल्या यंत्रावर नवीन वाचन घेतलं. दुपारनंतर सुकत जाणाऱ्या रेषा आता बऱ्याच सरळ झाल्या होत्या. लाल मात्र अजून चार होत्या.

"तुम्ही खूप केलंत," ती म्हणाली. "पण नियम लाल हात मोजतो. या चार बायकांना दुसरं काम दिलंत तर मी आजच दाखला देऊ शकते."

सुनेत्रानं ते काकीला सांगितलं. काकीनं हातातला गर ताटात ठेवला.

"तिका विचार, मशिनाक आजारी हात दिसता. गेलेलो हात दिसता काय?"

सुनेत्रानं प्रश्न इंग्रजीत सांगितला. अकोसुआनं तो पुन्हा सांगायला लावला. 

"दिसतो," ती हळू म्हणाली. "दिसू शकतो. आम्ही पाहिला नाही."

प्रत्येक हाताची खूण निराळी, आणि संघाकडे सहा देशांतल्या दोनशे कारखान्यांची तीन वर्षांची वाचनं पडून होती. एखादा हात एका महिन्यात लाल झाला आणि पुढच्या महिन्यात नाहीसाच झाला, असं किती वेळा घडलं, हे शोधायला नवं यंत्र लागणार नव्हतं. कोणीतरी विचारायला हवं होतं. अकोसुआनं तिथेच, काजूच्या सालींनी भरलेल्या टेबलावर, आपला संगणक उघडला. उत्तर यायला चहा होईपर्यंतचा वेळ लागला.

चार हजार तीनशे बारा.

अकोसुआनं आकडा वाचून दाखवला नाही, संगणक सुनेत्राकडे वळवला. यातला प्रत्येक हात ज्या महिन्यात नाहीसा झाला, त्या महिन्यात त्या कारखान्याच्या कागदावर 'सुधारणा आहे' असा शेरा होता. काही शेऱ्यांखाली अकोसुआची स्वतःची सही होती.

"हे मी घेऊन जाते," ती उठत म्हणाली. "वेळ लागेल. भांडावं लागेल. मला भांडता येतं."

काकीनं मूठभर अख्खे गर कागदात बांधून तिच्या हातात दिले. "वाटेत खा म्हण. आणि पाणी पी म्हण."

भांडण अकरा महिने चाललं. कारखानदारांच्या संघटनांनी विरोध केला, काही खरेदीदारांनीही केला. माल महाग होईल, म्हणाले. थोडा झालाही. पण शेवटी नियम बदलला. आता आजारी हात दिसला म्हणून माल परत जात नाही. तो हात आठवड्याआठवड्यानं बरा होतोय का, ते पाहिलं जातं. आणि तक्त्यात एक नवा रकाना आला, गेलेल्या हातांचा. लाल होऊन नाहीसा झालेला हात कुठे गेला, याचं उत्तर कारखान्यानं द्यायचं. उपचार घेतोय, दुसऱ्या कामावर आहे, की आपल्या मर्जीनं घरी बसलाय, ते त्या हाताच्या मालकिणीनं स्वतः सांगायचं. उत्तर नसेल तर तो हात उपचार न झालेल्या दोन लाल हातांच्या बरोबरीचा. आणि वाचन आधी कामगाराला, मग बाकीच्यांना.

सुनेत्राचा परवाना तोवर केव्हाच परत मिळाला होता. भामाकाकीची मूत्रपिंडं बरी झाली नाहीत. डॉक्टरणीनं सांगितल्याप्रमाणे ती होती तिथे थांबली, आणि तेवढं पुरेसं होतं. काकी आता अर्धा दिवस सोलते आणि अर्धा दिवस नव्या मुलींना शिकवते. केळुसकरशेठ दर महिन्याला विहिरीचं पाणी यंत्रावर लावायला सांगतो. ते अजून पिण्याजोगं झालेलं नाही. दर महिन्याला तो कागद बघतो आणि घडी घालून खिशात ठेवतो.

नवा नियम लागू झाला त्या आठवड्यात एका सकाळी सुनेत्रा आणि काकी नाक्यावर उभ्या होत्या. शिरोड्याकडून एक टेम्पो येऊन थांबला. आत आठ-दहा बायका बसल्या होत्या. तिकडच्या कारखान्यानं गेल्या दोन वर्षांत घरी पाठवलेल्या बायकांना वाड्यावाड्यांवर जाऊन परत बोलवायला गाडी धाडली होती. काही जणी हसत होत्या, काही नुसत्याच बघत होत्या. एकीच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचं मूल झोपलं होतं. हिला पोटुशी म्हणून काढलं असणार, हे विचारायची गरज नव्हती.

काकी टेम्पोजवळ गेली. "पोराक खय ठेवतलंस?"

"शेठ म्हणालो, पाळणोघर बांधतंव."

"बांधल्यानी?"

"अजून बघूक नाय. आज पयलो दिवस."

टेम्पो निघाला. काकी तो वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिली. मग पदर कमरेला खोचून म्हणाली, "सुनेत्रा, पाळणोघर बांधल्यानी की नुसता म्हणाले, ता बघूक होया."

"आता? आपलो कारखानो नवाक सुरू होता, काकी."

"शेठाक फोन कर. म्हण, दोन हात आज शिरोड्याक गेले."

सुनेत्रानं फोन लावला आणि दुसऱ्या हातानं येणारी रिक्षा थांबवली.